माझ्या व्यापारी पेठेत रात्री कुणीच राहत नाही: दुकानं, घरं आणि श्रेणीगृह कसं उभं करू?

उंबरठा

नमस्कार. दोन वर्षांपासून एक कादंबरी लिहिते आहे आणि आता एका जागी अशी अडकले आहे की पुढचं पान उघडवत नाही, म्हणून इथे विचारते.

शहर काल्पनिक आहे, नाव नीलद्वार. नदी समुद्राला मिळते तिथे वसलेलं, वस्ती साधारण 40,000, भोवती तट. नदीकडच्या पाणदरवाज्यापासून वर चढत जाते ती व्यापारी पेठ. माझ्या नकाशात तिच्या 11 गल्ल्या आहेत आणि प्रत्येकीला एकेका धंद्याचं नाव दिलंय: रंगाऱ्यांची, तांबटांची, दोरवाल्यांची, मेणवाल्यांची वगैरे. मधोमध चौक आणि चौकात श्रेणीगृह. गिल्डला मी श्रेणी म्हणते, तो शब्द मला आवडतो.

जादू अगदी थोडी ठेवली आहे. शहरात नऊ साक्षीदिवे आहेत. त्यांना तेल लागत नाही. त्यांच्यासमोर कुणी जाणूनबुजून खोटं बोललं की ज्योत विझते आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत पुन्हा लागत नाही. बाकी ना मंत्र, ना उडते घोडे.

नायिका इरा. तिचा नवरा रंगारी होता, तो गेल्याला 40 दिवस झालेत. दुकान तिच्याकडे राहणार की नाही हे श्रेणी ठरवणार आहे. चौथ्या प्रकरणात रात्री पेठेत आग लागते. हे प्रकरण मी एका मैत्रिणीला वाचायला दिलं. तिने पूर्ण वाचलं आणि एकच प्रश्न विचारला: "आग लागल्यावर खिडकीतून पहिलं डोकं कुणाचं बाहेर येतं?" मला उत्तर देता आलं नाही. माझ्या पेठेत संध्याकाळी सगळे दुकानाला कुलूप लावतात आणि कुठेतरी निघून जातात. कुठे, ते मी कधी ठरवलंच नव्हतं. तेव्हापासून सगळी पेठ मला रंगवलेल्या पडद्यासारखी दिसायला लागली आहे.

म्हणून विचारते. दुकान आणि घर एकच असावं का? असलं तर आतली रचना कशी? श्रेणीगृहात रोज नेमकं काय चालतं? मी तिथे एक लांब टेबल आणि दाढीवाले म्हातारे बसवले आहेत, त्यापुढे माझी कल्पना जात नाही. आणि विधवेला श्रेणीत जागा मिळणं पटण्यासारखं आहे का, की मी आजच्या इच्छा जुन्या काळावर लादते आहे?

---

तागडी

उंबरठाताई, मी चौदा वर्षं कापडाच्या गोदामात हिशेब सांभाळला. कादंबरी लिहिणं मला जमणार नाही, पण माल कसा वागतो हे मला माहीत आहे. तुमच्या पेठेत माणसं नाहीत, कारण तुम्ही मालाला झोपायला जागा दिलेली नाही. माल जिथे झोपतो तिथेच मालक झोपतो. विमा नाही, पेढी नाही, पोलीस नाहीत, दाराला लाकडी अडणा आहे, आणि वर्षभराची कमाई गासड्यांमध्ये बांधलेली आहे. असा माणूस संध्याकाळी कुलूप लावून दुसऱ्या गल्लीत झोपायला जाईल का? तो त्या गासड्यांच्या वर नाही तर खाली झोपेल.

तेव्हा नकाशा बाजूला ठेवा आणि एका गासडीच्या मागे चाला. ती होडीतून घाटावर उतरते. कोण उतरवतं? हमालांचीही स्वतःची श्रेणी असेल आणि दुसऱ्या कुणी ओझं उचललं तर ते भांडतील. मग ती काट्यावर जाते, कारण कर वजनावर आहे. म्हणून सरकारी काटा पाणदरवाज्याच्या अगदी आत हवा, चौकात नको. भिजलेली गासडी जड भरते, तेव्हा पावसाळ्यात काट्यावर रोज तंटे होणार. तिथून ती चढ चढून दुकानाशी येते. तुमचा रस्ता चढाचा आहे ना? मग गाड्या वरपर्यंत जाणार नाहीत. शेवटचा टप्पा पाठीवरच होईल, आणि पेठेत ओझी टेकवायला कमरेइतक्या उंचीचे दगडी कट्टे लागतील. हे कट्टे नकाशात काढा. वाचकाला तिथे घाम दिसेल.

आता घर. रस्त्याकडची बाजू सगळ्यात महाग, म्हणून दर्शनी बाजू अरुंद आणि घर आत लांबच लांब. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांवरची जुनी व्यापारी घरं अशीच आहेत. जिने इतके अरुंद की त्यावरून माल नेताच येत नाही, म्हणून छपराच्या टोकाशी बाहेर आलेली तुळई, तिला कप्पी आणि दोर. माल रस्त्यावरून थेट माळ्यावर चढतो. भिंती जरा पुढे झुकवून बांधलेल्या, म्हणजे वर जाणारं ओझं भिंतीला घासत नाही. तुमच्या पेठेत अशी प्रत्येक घराच्या कपाळावर तुळई आली की तुम्ही एक शब्दही न सांगता कळेल की वर धन आहे.

माल माळ्यावर का, तर ओल. माझ्या कामाच्या दुसऱ्या वर्षी एका पावसाळ्यात आम्ही खालची रांग सरळ फरशीवर लावली होती. वरून एक थेंब गळला नाही. दोन महिन्यांनी काढल्या तेव्हा खालच्या 11 गासड्यांना वीतभर उंचीपर्यंत पिवळा डाग होता आणि आत बुरशी. फरशीने ओल वर ओढली होती. त्या दिवशी मी गोदामात बसून रडले, कारण रांग लावायला मीच सांगितलं होतं. तेव्हापासून आधी फळ्या, मग माल. म्हणून सांगते, तळघरात तेल, मद्य, लोणी असं ओल सोसणारं ठेवा. कापड, नीळ, कागद, मसाले वर. तुरटी पिंपात आणि कोरड्या जागी, नाहीतर तिचा दगड होतो.

मधल्या मजल्यावर कुटुंब. तळमजल्यावर रस्त्याकडे दुकान, त्याच्या मागे कारखाना, त्याच्या मागे अंगण, विहीर आणि चुली. दुकान म्हणजे गिऱ्हाईक आत येतं असं समजू नका. मध्ययुगीन युरोपात दुकानाच्या खिडकीला आडव्या दोन फळ्या असत. खालची बाहेर पाडली की तिचं टेबल व्हायचं, वरची उचलली की छत. गिऱ्हाईक रस्त्यात उभं, कारागीर आत उजेडात काम करतोय, आणि ते काम येणाजाणाऱ्याला दिसतंय. बऱ्याच ठिकाणी रात्री काम करायला श्रेणीची बंदी होती, कारण अंधुक उजेडात काम वाईट होतं आणि दिव्याने आगही लागते. रात्री त्या फळ्या बंद, आणि त्यांच्या आतल्या बाजूला शिकाऊ पोरगा झोपलेला. तोच कुलूप आणि तोच कुत्रा.

एक चूक मात्र दाखवते. रंगाऱ्याला वरच्या गल्लीत ठेवू नका. त्याला पाणी लागतं, सरपण लागतं, वाळवणाला मोकळी जागा लागते, आणि त्याच्या हौदांना वास येतो. निळीचा हौद आंबवावा लागतो, त्यात जुन्या काळी लघवीसुद्धा घालत. तो नदीकाठीच राहणार, आणि तेही पिण्याच्या घाटाच्या खालच्या अंगाला. युरोपातल्या काही शहरांत लाल रंगवणाऱ्याला निळा रंग करायची परवानगी नव्हती, दोघांच्या वेगळ्या संघटना होत्या. नदी एकच आणि रंग दोन, म्हणजे कुणाचं पाणी आधी वाहणार यावर पिढ्यानपिढ्यांचं वैर असू शकतं. इराच्या नवऱ्याने पैसा केला असेल तर खाली नदीवर कारखाना आणि वर पेठेत विक्रीचं दुकान, अशी दोन ठिकाणं असतील. मग श्रेणी तिला एक ठेवू देईल आणि दुसरं काढून घेईल. माझ्या मते तुमच्या गोष्टीचा खरा पेच तिथे आहे.

साक्षीदिव्याबद्दल मला खूप बोलायचं आहे, पण श्रेणीगृहाचं कुणी जाणकार आधी सांगू दे.

---

जुना_दस्त

तागडीताईंनी इतकं छान लिहिलंय की मी फक्त श्रेणीगृहाचं आणि विधवेचं बोलतो.

पहिली गोष्ट, श्रेणीगृहाला कचेरी समजू नका. इंग्लंडमधल्या यॉर्कला मर्चंट ॲडव्हेंचरर्स हॉल आजही उभा आहे, 1357 मध्ये त्याचं बांधकाम सुरू झालं. वरच्या मजल्यावर मोठा लाकडी दिवाणखाना, तिथे बैठका आणि मेजवान्या. खाली तळमजल्यावर गरीब आणि आजारी लोकांचं रुग्णालय, आणि त्याला लागून प्रार्थनामंदिर. म्हणजे वर व्यापारी ज्या फळ्यांवर चालायचे त्यांच्या खाली अंथरुणाला खिळलेली माणसं होती. वरचा सौदा खाली ऐकू जात असेल, खालचा खोकला वर. तुमच्या लांब टेबलाखाली हा एक मजला घाला, दाढीवाले म्हातारे आपोआप वेगळे बोलायला लागतील. त्यांच्यातला एखादा आपल्या जुन्या भागीदाराच्या पलंगाच्या नेमका वर बसलेला असेल.

दुसरी गोष्ट, श्रेणी म्हणजे पेढीही होती. नाशिकच्या लेण्यांमध्ये क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून 3000 कार्षापणं (तेव्हाची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवली. 2000 एका श्रेणीकडे, महिना दरशेकडा एक व्याजाने. 1000 दुसरीकडे, पाऊण टक्क्याने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापणं वस्त्रासाठी. करून बघा हिशेब: 2000 वर महिन्याला 20, वर्षाला 240, भागिले 20 बरोबर 12. दगडात कोरलेला हा हिशेब आज दोन हजार वर्षांच्या आसपास होऊनही चुकत नाही, आणि मला तो दर वेळी वाचताना भरून येतं. त्या लेखात असंही आहे की हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला. तुमच्या श्रेणीगृहात असा फलकांचा एक दालनभर साठा हवा. दानशूर माणसं मरून जातात, विणकरांची पिढी बदलते, पण व्याज द्यायची जबाबदारी श्रेणीवर राहते. अशा कायमच्या ठेवी ज्या संस्थेकडे आहेत ती एका विधवेपुढेसुद्धा घाबरून वागेल, कारण तिची सगळी पत "आम्ही कधी बुडत नाही" या एका समजुतीवर उभी आहे.

तिसरी गोष्ट, माप. व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथीड्रलच्या मुख्य दरवाज्याशेजारी भिंतीत दोन लोखंडी पट्ट्या बसवलेल्या आहेत. एक लोकरीच्या कापडाचा गज, दुसरी लिननच्या (जवसाच्या धाग्याच्या) कापडाचा, आणि दोघांची लांबी वेगळी! कुणालाही फसवल्याचा संशय आला तर कापड घेऊन तिथे जायचं आणि लावून बघायचं. तुमच्या श्रेणीगृहाच्या बाहेरच्या भिंतीवर अशी मापं असू द्या, हाताने गुळगुळीत झालेली. आत कापडाची तपासणी. पास झालेल्या ताग्याला शिशाचं सील ठोकायचं, ही पद्धत युरोपात शेकडो वर्षं होती, नद्यांच्या गाळात अशी सीलं आजही सापडतात. सील नाही तर परगावी भाव नाही. इराचा रंग कितीही पक्का असो, तिला सील मिळालं नाही तर ती फक्त शेजारणींना विकू शकेल.

फ्लॉरेन्सचं ओरसानमिकेले तर बघाच. 1337 मध्ये बांधायला घेतलेली ही इमारत खाली धान्यबाजार आणि वर धान्याचं कोठार म्हणून होती. वरचं धान्य खाली सोडायला खांबांमधून पोकळ वाटा ठेवलेल्या. बाहेरच्या भिंतीत 14 कोनाडे, त्यात शहरातल्या श्रेणींनी आपापल्या संतांचे पुतळे बसवायचे. परदेशी कापडाचा व्यापार करणारी कालिमाला ही श्रीमंत श्रेणी, तिने शिल्पकार गिबेर्तीकडून ब्राँझचा पुतळा करून घेतला. चिलखतवाल्यांचा संत जॉर्ज डोनाटेल्लोने संगमरवरात केला. श्रेणींची आपसातली चढाओढ रस्त्यावरून चालणाऱ्याला भिंतीवर वाचता यायची. नीलद्वारला संत नसतील तर नसोत, पण कुणाचा कोनाडा कुठल्या धातूचा आणि कुणाचा अजून रिकामा, यावरून सगळी उतरंड एका परिच्छेदात सांगून होईल.

आता विधवा. तुम्ही काही लादत नाही आहात. युरोपातल्या कितीतरी श्रेणींमध्ये उस्तादाच्या विधवेला कारखाना पुढे चालवता येत असे. अटी असत: कुठे ठराविक मुदत, कुठे पुन्हा लग्न करेपर्यंत, कुठे हाताखाली जाणता कारागीर ठेवण्याची सक्ती. कोलोनमध्ये तर सूत करणाऱ्या स्त्रियांची स्वतःची श्रेणी 1397 मध्ये आणि रेशीमकाम करणाऱ्यांची 1437 मध्ये मान्य झाली. पॅरिसचा प्रोव्हो, म्हणजे राजाचा तिथला अधिकारी, एत्येन ब्वालो याने 1268 च्या सुमारास शहरातल्या सुमारे शंभर धंद्यांचे नियम लिहवून घेतले, त्यातही रेशीमकामातल्या स्त्रियांचे स्वतंत्र धंदे आहेत. तेव्हा "बाईला जागा देतात का" असा प्रश्न ठेवू नका. "किती दिवसांची, आणि कोणत्या अटीवर" असा ठेवा. तिने कारागिराशी लग्न केलं तर दुकान त्याचं होतं आणि नाही केलं तर मुदत संपते, अशा अटीत अडकलेली बाई मला नुसत्या नकारापेक्षा जास्त खरी वाटेल.

---

राखण

आगीबद्दल लिहितो, कारण चौथं प्रकरण त्यावर आहे.

दगडी तळघर सुरक्षित असतं असं सगळे मानतात आणि तिथेच घात होतो. लंडनच्या 1666 च्या आगीत सेंट पॉल कॅथीड्रलजवळच्या पुस्तकविक्रेत्यांनी आपला साठा कॅथीड्रलच्या खाली, सेंट फेथच्या तळघरात नेऊन भरला. वरचं जळतं छप्पर कोसळलं आणि खालचे सगळे कागद जळाले. त्याच आगीत व्यापारी कंपन्यांची 44 सभागृहंही गेली. तुमच्या श्रेणीचे फलक, ठेवींच्या नोंदी आणि मापं एकाच इमारतीत आहेत, हे लक्षात घ्या. आग चौकापर्यंत पोचली तर शहर पैसे कुणाचे कुणाला हेच विसरेल.

आगीची भीती रोजच्या जगण्यात दिसली पाहिजे. नॉर्वेतल्या बर्गनच्या धक्क्यावर जर्मन हान्सा व्यापाऱ्यांची लाकडी वसाहत होती (हान्सा म्हणजे उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांचा संघ). तिथल्या राहत्या घरांमध्ये चूल पेटवायला बंदी. ऊब आणि स्वयंपाक यासाठी मागच्या बाजूला वेगळी सभागृहं, सगळे तिथेच जमायचे, थंडीत संध्याकाळ तिथेच घालवायचे, आणि झोपायला पुन्हा गार खोलीत. त्या व्यापाऱ्यांना तिथे लग्न करायलाही मनाई होती. इतकी काळजी घेऊनही 1702 मध्ये सगळं जळालं आणि पुन्हा बांधलं.

उलट उदाहरण रशियातल्या नोव्हगोरोदचं. तिथे हान्सा व्यापारी स्वतः लाकडी घरांत राहायचे आणि माल, तिजोरी, तराजू दगडी चर्चमध्ये. त्यांच्या वसाहतीतली सगळ्यात मजबूत इमारत गासड्यांना दिलेली होती.

म्हणून पेठेत कोणती भिंत दगडाची आणि कोणती लाकडाची हे आधी ठरवा. रंगाऱ्यांच्या चुली दिवसभर पेटत्या असतात, तेव्हा आग लागली की बोट त्यांच्याकडेच जाणार. काचवाल्यांना व्हेनिसने 1291 मध्ये मुरानो बेटावर पाठवलं ते त्यांच्या भट्ट्यांच्या आगीची भीती म्हणूनच. नीलद्वारमध्येही कुणीतरी म्हणत असेल की रंगाऱ्यांना तटाबाहेर काढा. आग खरंच इराच्या आळीतून सुरू झाली की नाही, याला मग राजकारणाचं वजन येतं.

---

तागडी

आता दिव्याचं लिहिते. दोन दिवस डोक्यात तेच होतं.

साक्षीदिवा खोटं पकडतो. चूक पकडत नाही. हा फरक गोदामात काम केलेल्याला लगेच दिसेल. समजा मालकाने वजन तळातून खरवडून हलकं केलं आणि नोकराला काही सांगितलं नाही. नोकर दिव्यासमोर छातीठोक सांगेल की पूर्ण पाच शेर तोलून दिलं. ज्योत हलणार नाही. म्हणून दिवे असलेल्या शहरात वजनं आणि मापं कमी महत्त्वाची होत नाहीत, जास्त होतात. श्रेणीकडे मूळ वजनांचा संच असेल, तीन कुलपांच्या पेटीत, आणि तीन किल्ल्या तीन माणसांकडे.

दुसरं असं की एकदा विझलेला दिवा उजाडेपर्यंत लागत नाही. मग तो दिवसभराच्या सगळ्या सौद्यांचा धंदा बंद करतो! एखाद्या वैऱ्याने सूर्य उगवल्या उगवल्या एका पोराला पैसे देऊन दिव्यासमोर "माझं नाव राजा" म्हणायला लावलं की त्या श्रेणीचा दिवस गेला. ज्या दिवशी जहाजं लागतात त्या दिवशी हे झालं तर? म्हणून दिव्यासमोर कोण उभं राहू शकतं यावर कडक बंधन असणार. श्रेणीचे सभासद, बाकी कुणी नाही. दिव्याची खोली सगळ्यात आत, तीन दारांपलीकडे, बिनखिडकीची. आणि श्रेणीची खरी ताकद तीच: सभासद नसाल तर तुमचं खरं बोलणंही सिद्ध करता येत नाही.

आता इराचा प्रश्न बघा. आग तिच्या चुलीतून लागली नाही असं तिला म्हणायचं आहे. दिवा आहे, ती खरं बोलते आहे, पण ती सभासद आहे की नाही हेच ठरायचं आहे. तिला दिव्यासमोर जाऊ द्यायचं म्हणजे आधी सभासद मानायचं.

आणि पेठेतले जाणते व्यापारी घासाघीस कधीच दिव्याच्या खोलीत करणार नाहीत. "यापेक्षा कमी मला परवडत नाही" हे वाक्य कुठल्या दुकानदाराच्या तोंडी खरं असतं? मी ते वाक्य चौदा वर्षं रोज ऐकलं. भाव बाहेर ठरणार, ओट्यावर, अंधारात, रुमालाखाली बोटं धरून. आत फक्त ठरलेलं बोलायचं.

---

उंबरठा

मी काल रात्री नकाशा फाडला आणि नव्याने काढला. तुम्हा तिघांचे आभार कसे मानू कळत नाही.

रंगाऱ्यांची आळी आता नदीवर आहे, पिण्याच्या घाटाच्या खाली. निळ्यांचे हौद वरच्या अंगाला आणि लालवाले खालच्या, म्हणून लालवाल्यांच्या पाण्यात रोज निळी झाक येते आणि ते वर्षानुवर्षं जाब विचारतायत. सरकारी काटा पाणदरवाज्याच्या आत. चढावर सात दगडी कट्टे. श्रेणीगृहाच्या तळमजल्यावर आजारी माणसं, त्यात एक म्हातारी रंगारीण, जिचे दोन्ही हात कोपरापर्यंत अजून निळे आहेत. तीही कधीकाळी विधवा म्हणून सभेपुढे उभी होती. तिला मुदत मिळाली होती, एक वर्ष आणि एक दिवस. हे लिहिताना मला माझी कादंबरी पहिल्यांदा सापडली.

इराला मी वरचं दुकान ठेवू देणार आहे आणि खालचा कारखाना श्रेणी ताब्यात घेणार. म्हणजे तिच्याकडे विकायला खिडकी आहे, पण रंगवायला हौद नाही.

मैत्रिणीच्या प्रश्नाचंही उत्तर मिळालं. पहिलं डोकं शिकाऊ पोराचं. तो दुकानात फळीला टेकून झोपलेला असतो, उजेड दिसतो, तो फळी ढकलतो आणि बाहेर बघतो. एवढं बरोबर आहे ना, तागडीताई?

---

तागडी

पोरगा बरोबर आहे, उजेड नको. फळ्या बंद आहेत, आतून अडणा आहे, त्याला बाहेरचा उजेड दिसायचा नाही. त्याला आधी वास येऊ द्या.

आणि वास कशाचा ते नेमकं लिहा. कापडात काम करणारा माणूस जळणारा धागा नाकाने ओळखतो, आम्ही भेसळ तपासायला एक दोरा काढून पेटवूनच बघायचो. सुती जळालं की कागद जळाल्यासारखा वास येतो. लोकर जळाली की केस जळाल्यासारखा. तुमचा पोरगा दोन वर्षं रंगाऱ्याकडे आहे, त्याला हे येतंच. तो अंधारात उठून बसतो, हुंगतो, आणि त्याला केसांचा वास येतो. इराच्या माळ्यावर लोकर आहे का? नसेल, फक्त सुती असेल, तर उठायच्या आधीच त्याला कळलेलं असेल की आग त्यांच्या घरातली नाही. अडणा काढायला त्याला दोन्ही हात लागतील, फळी जड असते आणि बाहेरच्या बाजूला पडते. ती पडल्याचा आवाज सगळ्या आळीला जाईल, तेव्हा बाकीची डोकी त्या आवाजाने बाहेर येऊ देत.